तापणारे इंजिन आणि थंड हीटर : एका जोडलक्षणाची मीमांसा

यंत्रातील बिघाडाचे निदान हा केवळ कारागिराच्या हातगुणाचा विषय आहे, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात बराच रूढ आहे. वस्तुतः निदान ही अनुमानाची प्रक्रिया होय. आणि अनुमानाचे जे नियम प्रयोगशाळेत लागू पडतात तेच नाना पेठेतील गॅरेजातही लागू पडतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे एक लहानसे पण बोधप्रद उदाहरण घ्यावयाचे योजिले आहे. पिकअप गाडीचे इंजिन प्रमाणाबाहेर तापते आणि त्याच वेळी चालकाच्या केबिनमधील हीटर मात्र पुरेशी ऊब देत नाही, हे ते उदाहरण. वरवर पाहता या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटतात. इंजिनात उष्णता अतोनात साठली असेल तर त्याच उष्णतेवर चालणारा हीटर थंड का? या विरोधातच निदानाची किल्ली दडलेली आहे.

प्रसंग आपल्याच परिसरातला कल्पू. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल भरून एक पिकअप डिसेंबरातील पहाटे कात्रज आणि खंबाटकी ओलांडून वाईस येते व पसरणीचा घाट चढू लागते. थंडीमुळे चालक हीटर सुरू करतो. आरंभी ऊब मिळते. अर्ध्या घाटात हवा कोमट व पुढे थंडच येऊ लागते. थोड्याच वेळात तापमापकाचा काटा वर सरकतो. पुण्यात वर्षातील बहुतेक दिवस हीटर कोणी लावीत नाही आणि कित्येक मालवाहू गाड्यांत तो नसतोही. त्यामुळे या दोन लक्षणांपैकी पहिले आपल्याकडे सहसा ध्यानातच येत नाही. थंड प्रदेशातील चालकाला जी सूचना आधी मिळते, ती आपल्या चालकाला मिळत नाही. त्याला थेट बॉनेटमधून निघणारी वाफच दिसते.

उष्णतेचा हिशेब

प्रथम घाटात इंजिनावर पडणारा भार किती, हे स्थूलमानाने पाहू. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत साडेपाचशे मीटरांचा फरक धरला आणि मालासह गाडीचे वस्तुमान ३,००० किलोग्रॅम मानले, तर केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे १६ मेगाज्यूल कार्य करावे लागते. चाकांचे घर्षण मिळविता हा आकडा २० च्या घरात जातो. इंधनापासून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळ मानाने एक-तृतीयांश कार्यरूपाने हाती येते, तितकीच धुराबरोबर जाते आणि जवळजवळ तितकीच शीतनाच्या पाण्यात उतरते. म्हणजे पंचवीस मिनिटांच्या चढणीत या पाण्याला दर मिनिटास सुमारे ०.८ मेगाज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते.

आता या अभिसरणात १० लिटर पाणी आहे असे समजू. ते ८५ अंश सेल्सियसवरून ९६ अंशांपर्यंत तापण्यास अर्ध्या मेगाज्यूलहूनही कमी उष्णता पुरते. धातूच्या उष्णताधारकतेचा विचार क्षणभर बाजूस ठेवल्यास, रेडिएटरपर्यंत पाणी पोहोचणे थांबताच एका मिनिटाच्या आत ते उकळबिंदूशी येईल. ९६ हा आकडा मुद्दामच घेतला आहे. समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळणारे पाणी पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीवर ९८ अंशांच्या आसपास आणि पाचगणीच्या उंचीवर ९६ च्या आसपास उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण हा तोटा भरून काढते. वातावरणाहून सुमारे एक बार अधिक दाब त्याने राखला तर उकळबिंदू १२० अंशांच्या जवळ जातो. म्हणून झाकणाचे रबर झिजणे ही घाटाच्या प्रदेशात क्षुल्लक गोष्ट नव्हे.

पाण्याचे दोन मार्ग

इंजिनातून तापून निघालेल्या पाण्यास दोन वाटा असतात. पहिली थर्मोस्टॅटमधून रेडिएटरकडे जाते. थर्मोस्टॅट ही मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप असून ती साधारणतः ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागते. दुसरी वाट बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच निघते आणि केबिनमधील हीटरच्या जाळीतून जाऊन वॉटर पंपाच्या शोषण-बाजूस परत मिळते. हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच होय; मात्र तो बऱ्याचदा अभिसरणाच्या उंच भागी असतो आणि त्याच्या नळ्या अरुंद असतात. पाणी कमी झाले की हवा प्रथम तेथे जमते.

यावरून तीन निष्कर्ष निघतात. इंजिन तापते पण हीटर कडक गरम हवा देतो, तर पाणी व पंप बहुधा ठीक असून दोष रेडिएटर, पंखा किंवा बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट यांत शोधावा. हीटर थंड आणि इंजिनही थंडच राहते, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याचा संभव मोठा. परंतु इंजिन तापलेले आणि हीटर थंड अशी जोडी दिसली, तर एकट्या थर्मोस्टॅटने तिचा उलगडा होत नाही. दोन्ही वाटांना जे सामाईक आहे तेथेच दृष्टी वळवावी लागते. सामाईक आहे ते पाणी, ते ढकलणारा पंप, आणि पाण्यात हवा वा वायू शिरण्याच्या जागा. तरीही पुष्कळदा पहिल्या झटक्यात थर्मोस्टॅटच काढून फेकला जातो, हे सखेद नमूद करावेसे वाटते.

संभाव्य कारणे

पहिले व सर्वांत सामान्य कारण पाण्याची तूट. होस पाइपचा सैल क्लॅम्प, पंपाच्या सीलमधील गळती, रेडिएटरची फुटकी नळी, यांपैकी काहीही असू शकेल. हवेचा गोळा हीटरमध्ये अडकला की ऊब नाहीशी होते. तोच इंजिनाच्या हेडमध्ये अडकला की तेथील धातू भाजू लागतो. तापमापकाचा संवेदक पाण्याबाहेर उघडा पडल्यास काटा अचानक खालीही येतो. हे सुचिन्ह मानणे घातक ठरते.

दुसरे कारण पंपाची दुर्बलता. पाती गंजून झिजलेली, दांड्यावर सैल झालेली, किंवा फॅन बेल्ट घसरणारा. इंजिन मंद असता हीटर थंड आणि वेग वाढविताच गरम, हे याचे लक्षण.

तिसरे कारण हेड गॅस्केट फुटणे. ज्वलनाचे वायू पाण्यात शिरतात आणि हवेचा गोळा पुनःपुन्हा तयार होतो. हवा काढून पाणी भरावे, दोन दिवस गाडी ठीक चालावी आणि पुन्हा तीच तक्रार यावी, असा याचा क्रम असतो. थंड इंजिन सुरू करताच थोड्या मिनिटांत वरचा होस ताठ होणे व पाण्यात सतत बुडबुडे येणे ही त्याची चिन्हे. कार्बन डायऑक्साइडने निळ्याचा पिवळा होणारा रासायनिक द्रव टाकीच्या तोंडाशी धरून याची खात्री करता येते.

चौथे कारण अवरोध. बोअरवेलचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची आपल्याकडील सवय येथे दोषी ठरते. अशा पाण्यातील बायकार्बोनेटे तापताच कार्बोनेटाचा थर धरतात. हा थर उष्णतेचा दुर्वाहक असतो व अरुंद नळ्या प्रथम बंद करतो. गळती बुजविण्यासाठी टाकलेली पूडही हेच करते.

तपासणीचा क्रम

कारणांची यादी लांबली तरी तपासणी स्वस्तापासून महागाकडे व सुलभापासून कठीणाकडे जावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे. तापलेल्या अवस्थेत उघडल्यास दाब सुटताच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. पातळी पाहावी, पाणी भरावे, हवा काढावी. नंतर इंजिन तापवून हीटरचे दोन्ही होस जपून हाताने चाचपावेत. दोन्ही गरम असूनही हवा थंड येत असेल, तर पाण्याचा संबंध नाही. केबिनमधील हवेचा पडदा अडकला आहे. एक गरम व दुसरा कोमट असेल, तर जाळी तुंबलेली किंवा प्रवाह क्षीण आहे. दोन्ही थंड असतील, तर हीटरचा कॉक बंद आहे, पाणी नाही किंवा पंप चालत नाही. यानंतर दाबाची चाचणी, मग उलट प्रवाहाने धुणे आणि शेवटी हेड गॅस्केटची परीक्षा.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. दोन लक्षणांना एकच कारण शोधणे हे तर्कदृष्ट्या इष्ट असले तरी अनिवार्य नाही. पुण्यासारख्या ठिकाणी अकरा महिने न हललेला हीटरचा कॉक गंजून बसलेला असू शकतो आणि रेडिएटर स्वतंत्रपणे तुंबलेला असू शकतो. होसांची वरील परीक्षा हा भेद उघड करते. म्हणूनच ती टाळू नये.

इंजिन तापू लागताच हीटर पूर्ण सुरू करावा, हा जाणत्या चालकांचा उपाय शास्त्रशुद्ध आहे. हीटरची जाळी चार-पाच किलोवॉट उष्णता सहज बाहेर टाकते, आणि घाटातील वरील भार सुमारे तेरा किलोवॉटचा आहे. परंतु हा उपाय पाणी फिरत असेल तोवरच उपयोगी. हीटर लावला आणि थंड हवा आली, तर तोच निर्णायक संकेत समजून गाडी तत्काळ थांबवावी. पुढे रेटल्यास हेड वाकते वा तडकते, आणि काही रुपयांच्या क्लॅम्पचे काम इंजिन उतरविण्यावर जाते. ज्याचा संसार त्या एका गाडीवर चालतो त्याच्या दृष्टीने हा फरक तात्त्विक नव्हे.

तात्पर्य, हीटर हे केवळ सुखाचे साधन नसून इंजिनाच्या अंतर्भागात डोकावण्याचे एक विनामूल्य उपकरण आहे. आपल्या हवामानामुळे आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. महिन्यातून एकदा, उन्हाळ्यातदेखील, पाच मिनिटे तो चालवून पाहण्याची सवय चालकांत रुजली, तर पुष्कळ इंजिने घाटाच्या पायथ्याशीच वाचतील.