युरोपचा शेजारधर्म

१० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधल्या कुरिएरच्या कोळसा खाणींत स्फोट झाला आणि १,०९९ माणसं गेली. फ्रान्स आणि जर्मनी तेव्हा मोरोक्कोवरून हमरीतुमरीवर आले होते, आणि १८७१ मध्ये जर्मनांकडून झालेल्या पराभवाचा सल फ्रेंचांच्या मनातून गेला नव्हता. तरीही जर्मनीतल्या वेस्टफालियाहून खाणकामगारांचं बचाव पथक श्वसनयंत्रं घेऊन आलं आणि फ्रेंच कामगारांच्या शोधात त्या विषारी धुरात उतरलं. मालकांचा हलगर्जीपणा किती, यावरून पुढे फ्रान्समध्ये मोठा संप पेटला, पण खाणीत उतरणाऱ्यांनी चूक कुणाची हे ठरण्याची वाट पाहिली नव्हती. आठ वर्षांनी हेच दोन देश एकमेकांवर तोफा डागत होते. माणुसकी खरी होती, पण तिला धरून ठेवणारी व्यवस्था नव्हती.

ती व्यवस्था दोन महायुद्धांनंतर उभी राहू लागली, आणि तीही कोळशापासूनच. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमान यांनी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक यंत्रणेखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. शुमान यांचा जन्म लक्झेंबर्गचा, घराणं लॉरेनचं, आणि पहिलं महायुद्ध संपेपर्यंत ते जर्मनीचे नागरिक होते. सीमा सरकली की माणसाचं काय होतं, हे त्यांनी भोगलेलं होतं. एकजूट भाषणांनी येत नाही, ती एकत्र केलेल्या ठोस कामांतून तयार होते, असं त्यांचं आणि या प्रस्तावाचा मसुदा घडवणारे ज्याँ मोने यांचं मत होतं. १९५१ मध्ये सहा देशांनी या प्रस्तावावर करार करून समुदाय उभा केला. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेल इथे खाणीला आग लागून २६२ जण गेले. त्यातले १३६ इटालियन होते. कोळशाच्या बदल्यात मजूर, अशा इटली आणि बेल्जियममधल्या १९४६ च्या करारातून त्यांच्यासारखे हजारो जण तिथे गेले होते. पण या वेळी दुःख ओसरल्यावर सगळं विरून गेलं नाही. पुढच्याच वर्षी सहा देशांच्या समुदायाने खाणींच्या सुरक्षेसाठी कायमची समिती नेमली.

मागास भागांसाठीचा प्रादेशिक निधी १९७५ मध्ये आला, आणि या समुदायाला युरोपीय महासंघाचं रूप देणाऱ्या मास्ट्रिख्ट करारानंतर गरीब सदस्य देशांसाठी वेगळा निधी. ऑगस्ट २००२ च्या पुरात प्राग आणि ड्रेस्डेन पाण्याखाली गेली, तेव्हा काही महिन्यांत आपत्ती निवारणाचा सामाईक निधी उभा राहिला. तेव्हा सदस्यही नसलेल्या चेकियालाही त्यातून पैसे मिळाले. इटलीच्या २०१६-१७ च्या भूकंपांसाठी याच निधीने १२० कोटी युरो दिले.

मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे दिसते. पूर, भूकंप, म्हणजे कुणाचीच चूक नाही असं संकट आलं की युरोपीय महासंघाचा हात पटकन पुढे येतो. संकटाला ‘तुमचीच करणी’ असा शिक्का बसला की तोच हात आखडतो. शिक्का किती न्याय्य आहे, हे तपासायला कुणी थांबत नाही.

ग्रीसच्या बाबतीत हेच घडलं. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या नव्या सरकारने आधीच्या तुटीचे आकडे खोटे असल्याचं उघड केलं. चूक होतीच. पण सामाईक चलन स्वीकारताना सदस्य देशाचं कर्ज दुसऱ्याने उचलायचं नाही, असं कलम करारात घालून ठेवलेलं होतं, आणि देश बुडायला लागला तर काय करायचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचं पॅकेज आलं, ते कर्ज म्हणून, आणि पगार, पेन्शन, सरकारी खर्च यांवर कात्री चालवण्याच्या अटींसह. त्यातला मोठा भाग जुन्या धनकोंची देणी फेडण्यात गेला, आणि त्या धनकोंत फ्रेंच आणि जर्मन बँका होत्या. म्हणजे वाचवलं ग्रीसला असं सांगितलं गेलं, पण वाचल्या बऱ्याच अंशी बँका. पुढच्या काही वर्षांत ग्रीसची अर्थव्यवस्था पावपट आक्रसली, बेकारी २७ टक्क्यांवर गेली, तरुणांत तर निम्म्याहून जास्त. या मदतीत शिक्षेची भावना मिसळलेली होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजूही हलकी नाही. २०१० मध्ये स्लोव्हाकियाने ग्रीसच्या कर्जात वाटा द्यायला नकार दिला. आमचा पेन्शनर ग्रीसच्या पेन्शनरपेक्षा गरीब असताना आम्ही का द्यायचं, हा प्रश्न ब्रातिस्लाव्हातल्या माणसाच्या तोंडी अगदी रास्त होता. पुढच्या वर्षी युरो देशांच्या बचाव निधीवरून तिथल्या पंतप्रधान इवेता रादिचोव्हा यांचं सरकार पडलं. ओझं वाहणाऱ्यांत कुणाची कंबर आधीच वाकलेली आहे, हे पाहण्याची सोय त्या रचनेत नव्हती.

२०१५ मध्ये सीरियासारख्या देशांतून आलेल्या निर्वासितांच्या बाबतीत शिक्का भूगोलाचा बसला. माणूस ज्या देशात पहिलं पाऊल ठेवील, त्याचा अर्ज बहुधा त्याच देशाने पाहायचा, हा नियम. त्यामुळे ग्रीस आणि इटलीच्या बेटांवर मोठा भार आला. १,६०,००० निर्वासित वाटून घ्यायचं ठरलं. प्रत्यक्षात सुमारे ३५,००० हलवले गेले. हंगेरी आणि स्लोव्हाकिया न्यायालयात जाऊन हरले, तरी दरवाजे उघडले नाहीत. पण २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर, वाटपाला त्यांच्यासारखाच नकार देणाऱ्या पोलंडने लाखो माणसांना घरात घेतलं. हा निव्वळ दुटप्पीपणा म्हणून मला सोडून देता येत नाही. रशियन रणगाड्यांची आठवण पोलिश घरांत अजून जिवंत आहे, सीरियाची नाही. पण म्हणूनच आपुलकीवर सोडलेली एकजूट अपुरी पडते.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत सुरुवात वाईटच झाली. इटलीत माणसं मरत होती आणि जर्मनी, फ्रान्स मास्कची निर्यात अडवत होते. काही आठवड्यांत चित्र पालटलं: लायपझिगच्या रुग्णालयांनी बेर्गामोचे रुग्ण घेतले, आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी एप्रिलमध्ये इटलीची जाहीर माफी मागितली. जुलैत ब्रुसेल्सला चार दिवस-रात्री खल चालला. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि डेन्मार्क काटकसरीवर अडून बसले होते. २१ तारखेच्या पहाटे ७५० अब्ज युरो सामाईक कर्ज काढून उभे करायचं ठरलं, त्यातले ३९० अब्ज परत न मागण्याच्या बोलीवर. दहा वर्षांपूर्वी ग्रीससाठी हे अशक्य म्हणून सांगितलं गेलं होतं. फरक एवढाच, की विषाणूमागे कुणाचा हिशेब चुकलेला नव्हता.

आयर्लंडचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तेव्हा जेमतेम पन्नास लाखांचा देश. ब्रिटन महासंघातून बाहेर पडताना उत्तर आयर्लंडशी असलेल्या, बेटावरच्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर पुन्हा नाके उभे राहिले तर तिथल्या १९९८ च्या शांतता कराराचं काय, ही डब्लिनची चिंता होती. ब्रिटनसारखी बाजारपेठ समोर असताना बाकीचे देश आयर्लंडला बाजूला सारतील, असा लंडनमध्ये अनेकांचा अंदाज होता. वाटाघाटी संपेपर्यंत एकही देश फुटला नाही. यात पैसा फारसा नव्हता, पण छोट्या देशाला महासंघात का राहायचं, याचं उत्तर होतं.

आता २०२४ मध्ये मंजूर झालेल्या स्थलांतर करारात निर्वासित घ्या, नाहीतर माणशी सुमारे २०,००० युरो भरा, किंवा दुसरी मदत द्या, अशी निवड आहे. काहींना हा सौदा वाटतो. मला तो निदान अंमलात येऊ शकेल असा नियम वाटतो, आणि ग्रीसच्या लेसबॉस बेटावरच्या निर्वासित छावण्यांना गेल्या दशकभरात भाषणं पुष्कळ मिळाली आहेत. करोनाच्या वेळचं कर्ज फेडायला २०२८ मध्ये सुरुवात व्हायची आहे आणि ते २०५८ पर्यंत चालेल. तोवर पुढचं संकट येईलच, आणि ते पूर असेल की एखाद्या सरकारची चूक, हे कर्ज काढताना कुणी ठरवलेलं नाही.