पेशीचा पहारेकरी

वसईच्या पूर्वेस वालीव येथील कोणत्याहि कारखान्यांत पाहावें. यंत्र चालू करणाऱ्या कळीइतकीच तें थांबविणारी कळहि महत्त्वाची असते. मानवी पेशींतहि हीच व्यवस्था आहे.

जनुकांना चिकटून त्यांचें काम सुरू अगर बंद करणाऱ्या प्रथिनांस प्रतिलेखन-घटक म्हणतात. त्यांपैकीं 'ई-टू-एफ' नांवाचे घटक डीएनएची दुसरी प्रत काढण्यास लागणारीं जनुकें जागीं करतात. एरवीं 'आरबी' हें प्रथिन त्यांना जखडून ठेवतें. वाढीचा संदेश आला कीं कांहीं विकरें आरबीवर फॉस्फेट चढवितात, पकड सुटते, आणि पेशी विभाजनाच्या मार्गास लागते.

परंतु हा पहारेकरीच नाहींसा झाला तर? लहान मुलांच्या डोळ्यांतील 'रेटिनोब्लास्टोमा' हा कर्करोग बहुधा असाच उद्भवतो. या रोगास दोन आघात लागतात, असें अनुमान आल्फ्रेड नड्सन यांनीं १९७१ सालीं मांडलें. पुढें १९८६ सालीं तें जनुक हातीं लागलें, आणि त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे हा रोग होतो, असें दिसून आलें. एक बिघडलेली प्रत कधीं कधीं जन्मतःच आलेली असते; म्हणून भावंडांचीहि तपासणी करवून घ्यावी लागते.

मातांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: बाळाच्या बाहुलींत पांढरी झांक दिसली किंवा डोळा तिरळा भासूं लागला, तर दृष्ट काढीत बसूं नये. प्रत्येक झांक कर्करोगाचीच असते असें नाहीं. मोतीबिंदूहि असूं शकतो. तथापि नेत्रवैद्यास तत्काळ दाखवावें. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांच्या सेवेंत आहे. रोग वेळीं ओळखल्यास बहुतेक मुलांचे प्राण वांचतात, आणि पुष्कळदां दृष्टीहि.