मुलाम्यातलं सोनं

पेण-रोह्याच्या सराफी दुकानात जुना दागिना मोडायला गेलेला माणूस आजही दोनच गोष्टी विचारतो: कस किती लागला आणि घट किती धरली. गेल्या साठ वर्षांत मोडीचं रूप मात्र पार पालटलं.

पूर्वी सोनाराच्या दुकानातला केरही वाया जात नसे. शेगडीतली राख, कानसीचा कीस, बैठकीखालची धूळ झारेकरी विकत घेत आणि धुऊन त्यातले कण वेचत. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरटवरचे दागिने घडवायला बंदी झाली आणि कितीतरी सोनारांच्या शेगड्या विझल्या. या नियंत्रणाचा १९६८चा कायदा १९९०मध्ये रद्द झाला. सोनं शुद्ध करण्याच्या कामात देशभर नाव झालं ते सांगलीकडच्या गलाई बांधवांचं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतून निघालेली ही माणसं दूरदूरच्या सराफ बाजारांत जाऊन बसली. मोडीत चांदी मिसळून ती वितळवायची, नायट्रिक आम्लात उकळायची. चांदी-तांबं विरघळतं, तळाशी तपकिरी भुकटी उरते. टाकणखार घालून मुशीत आटवली की तीच पिवळीधमक होते.

मग संगणक आणि मोबाइल आले. त्यांच्या पिनांवर सोनं असतं ते नुसत्या मुलाम्यापुरतं. ते सोडवायला तीव्र गंधकाम्लाचा सेल वापरतात. तांब्याच्या जाळीत भंगार ठेवून धन टोक तिला, ऋण टोक शिशाच्या पट्टीला जोडतात. प्रवाह सुरू झाला की मुलामा सुटतो आणि काळ्या भुकटीच्या रूपात तळाशी बसतो. सोनं संपत आलं की अँपिअरचा काटा खाली येतो. जाणकार माणूस त्या काट्यावर नजर ठेवूनच काम करतो.

या युक्तीचा सगळा भार आम्लाच्या कोरडेपणावर आहे, आणि कोकणचा पावसाळा नेमका तिथेच आडवा येतो. उघडं राहिलेलं गंधकाम्ल हवेतला ओलावा ओढून घेतं, पातळ होतं आणि सेलमध्ये सोन्याखालच्या तांब्यालाही खाऊ लागतं. पुढे भुकटी गाळण्यासाठी तेच आम्ल पातळ करावं लागतं. तेव्हा आम्ल पाण्यात ओतायचं. आम्लात पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं.

मिळतं किती? १०० चौरस सेंटिमीटरवर अर्धा मायक्रॉन मुलामा धरला, तर सोनं ०.१ ग्रॅमही भरत नाही. मागे उरतं ते तांबं, निकेल, शिसं मिसळलेलं आम्ल. धाटाव एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या रोहेकरांना असलं पाणी कुंडलिका नदीत गेल्यावर काय होतं हे सांगायला नको. कुंडलिकेसाठी त्यांनी पुष्कळ सोसलं आहे. म्हणून परसात बादली मांडून सोनं काढण्याच्या हौसेला माझा ठाम विरोध आहे.

ई-कचऱ्याचे नियम २०१२पासून लागू आहेत; २०२३पासूनच्या नव्या नियमांत पुनर्चक्रण करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावीच लागते. आम्ल चुन्याने मारल्यावर उरणारा विषारी गाळ पुरायची सोय रायगडातच, तळोज्याला आहे. पण नोंदणी नसलेला माणूस तो गाळ तिथे नेणार कसा? तो खर्च धरला, तर घरच्या बादलीतलं सोनं बाजारभावापेक्षा महाग पडतं.