पिंपातली वळवळ

गोडदेवच्या वस्तीत डासांचा विषय निघाला की बोट गटाराकडे नाहीतर खाडीकडे जातं. गटारातल्या घाण पाण्यात क्यूलेक्स वाढतो, हत्तीरोग पसरवणारा तोच. पण डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडीस इजिप्ती राहतो आपल्याच घरात: पाण्याच्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या टायरात. म्हणून त्याच्यावर पाळत ठेवणारे कर्मचारी डास पकडण्याआधी पाण्यात डोकावतात.

पिंपात टॉर्चचा झोत पडला की अळ्या झरकन तळाशी जातात. क्षणभर थांबलं की श्वासासाठी वर येतात, आणि तिथेच ओळख पटते. एडीसची अळी शेपटाकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून डोकं खाली घालून तिरपी लटकते. हिवतापाच्या अ‍ॅनाफिलीसच्या अळीला अशी नळी नसते; ती पृष्ठभागालगत आडवी पडते. सूक्ष्मदर्शक लागत नाही, सरावलेली नजर पुरते!

मग हिशेब. शंभर घरांपैकी 4 घरांत अळ्या सापडल्या तर गृहनिर्देशांक 4. पण त्या चार घरांत मिळून 12 भांडी दूषित असली तर ब्रेटू निर्देशांक 12 होतो. मला हा दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो, कारण डास भांड्यांत जन्मतात आणि पहिला आकडा भांडी मोजतच नाही.

पिंप नुसतं रिकामं करूनही भागत नाही. एडीसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला अंडी चिकटवते. ती महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जिवंत असतात आणि पाणी चढलं की फुटतात. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करायचा ‘कोरडा दिवस’ पाळताना पिंप आतून घासायला सांगतात ते याचसाठी.

शहरी हिवतापाची कथाही अशीच स्वच्छ पाण्याची. 1911 साली डॉक्टर बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला, त्यात विहिरींवर ठपका होता. त्या विहिरींतला अ‍ॅनाफिलीस स्टीफेन्सी पुढे इमारतींच्या उघड्या टाक्यांतही रुळला. 2012 मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबुतीत आढळला, आणि तिथल्या शहरांना आता त्याची धास्ती आहे.

एडीस मात्र फार लांब उडत नाही, बहुधा काहीशे मीटरच. म्हणून एका घरात डेंग्यूचा रुग्ण सापडला की आधी त्याच्या आणि शेजारपाजारच्या घरांतली पिंपं उघडून पाहतात.