लकव्यानंतर हात पुन्हा चालेल का? सुधारणा इतकी हळू का होते?

लकव्याचा झटका आलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'पूर्वीसारखं कधी होणार?' डॉक्टर मात्र नेमकी तारीख सांगत नाहीत. असं का?

मेंदूत काय होतं?

स्ट्रोकमध्ये रक्ताची गुठळी अडकल्याने किंवा रक्तवाहिनी फुटल्याने मेंदूच्या एका भागातल्या पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. पण शाबूत राहिलेल्या पेशी नव्या जोडण्या तयार करून त्यांचं काही काम शिकून घेऊ शकतात. याला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात. हे शिकणं सरावानेच होतं. म्हणूनच फिजिओथेरपीत एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेतात.

सर्वात वेगाने सुधारणा साधारण पहिल्या 3 महिन्यांत दिसते. पुढे वेग कमी होतो, पण सुधारणा थांबते असं नाही. नेमक्या याच वेळी अनेक घरांत 'आता काही फरक पडत नाही' म्हणून व्यायाम बंद होतो.

क्रम कसा असतो?

सुरुवातीला हात-पाय लुळे असतात. काही दिवस-आठवड्यांनी ते ताठ होऊ लागतात, मूठ आवळली जाते. घरचे घाबरतात, पण सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या थेरपिस्टने मांडलेल्या सुधारणेच्या टप्प्यांमध्ये हा ताठरपणाही येतो. तो फार वाढला किंवा दुखू लागला, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

बहुतेकदा पाय आधी सुधारतो, हात उशिरा आणि बोटं सर्वात शेवटी. त्यामुळे चालता येऊ लागलं तरी शर्टाचं बटण लावता येत नाही, असं दिसतं.

मायेपोटी होणाऱ्या चुका

पेशंटला त्रास नको म्हणून घरचे भरवतात, कपडे घालून देतात. पण दुबळा हात वापरलाच नाही, तर मेंदू त्याला जणू विसरतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी यावरच एक उपचार विकसित केला. त्यात चांगला हात काही तास मोज्यात बांधून ठेवतात आणि दुबळ्या हाताकडून काम करून घेतात. बोटांत थोडी हालचाल असलेल्यांनाच तो लागू पडतो, त्यामुळे निर्णय थेरपिस्टचा.

उठवताना दुबळा हात धरून ओढू नका, खांदा निखळू शकतो. बोलता येत नसेल, तरी समज शाबूत असू शकते. म्हणून घाई न करता छोटी वाक्यं बोला आणि उत्तरासाठी थांबा. साधारण 3 पैकी एका पेशंटला नैराश्य येतं. 'व्यायामाचा कंटाळा करतात' असं वाटतं, तेव्हा कारण हेही असू शकतं. त्यावर उपचार आहेत.

उपचार कुठे मिळतात?

मुंबईत हाजी अलीजवळ 1955 पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. मेडिकल कॉलेजांच्या सरकारी रुग्णालयांतही फिजिओथेरपी विभाग असतात.

हे लक्षात ठेवा

स्ट्रोक पुन्हा येऊ शकतो. बीपी-शुगरची औषधं स्वतःहून बंद करू नका. तोंड वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.