पिल्लांचं खुराडं आणि पांढरी भुकटी

कोंबडी खुडूक झाली की घरात हिशेब सुरू होतो. बारा अंडी ठेवली तर दहा पिल्लं निघतील. घार किती नेईल, मांजर किती नेईल, आणि आपल्याला उरतील किती? या हिशेबात उवा मात्र कुणी धरत नाही. अंगावर उवा झाल्या की पिल्लाला चैन पडत नाही. ते नीट खात नाही, वाढत नाही, पंख पाडून कोपऱ्यात बसतं. दुसरे बारीक तांबडे किडे असतात. ते दिवसा फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात.

यावर बाजारात एक पांढरी भुकटी मिळते. तिला डायटमची माती म्हणतात. डायटम हा पाण्यात राहणारा, शेवाळाच्या जातीचा जीव. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्याभोवती काचेसारखं कवच असतं. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या डायटमची कवचं पाण्याच्या तळाशी साचली. त्यांचे थर झाले. ते खणून, दळून ही भुकटी करतात. ती तेल फार शोषते. आल्फ्रेड नोबेल याने १८६७ साली सुरुंगाची दारू केली, तेव्हा तेलासारखा स्फोटक पदार्थ याच मातीत मुरवला होता.

किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी आत टिकतं. भुकटी हा थर शोषून घेते, ओरखडते. मग किडा वाळून मरतो. भुकटी ओली झाली तर हे काम होत नाही.

भुकटीत विष नाही. पण विष नाही म्हणून माणूस हात सैल सोडतो. आम्हीही तेच केलं. एकदा चार दिवसांच्या पिल्लांवर मूठभर भुकटी टाकली आणि वरून डालगं झाकलं. थोड्या वेळाने पाहतो तो पिल्लं चोची उघडून धापा टाकत होती. लगेच उचलून मोकळ्या हवेत आणली. तरी दोन गेली. पिल्लाची छाती ती केवढी! अंगठ्याच्या पेराएवढी. तिच्यात धूळ गेली तर बाहेर यायची कशी?

तेव्हापासून आम्ही पिल्लांवर भुकटी टाकत नाही. जागेला टाकतो, आणि आईला, तेही आधीच. कोंबडी अंड्यांवर बसवायच्या दिवशी तिला उघड्यावर धरायचं. पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी चिमटीने भुकटी चोळायची. डोळे आणि चोच वाचवायची. उवांच्या लिखा भुकटीने मरत नाहीत, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा एकदा चोळायची. अंडी एकविसाव्या दिवशी फुटतात. शेवटच्या आठवड्यात भुकटी नको.

पिल्लांसाठी दुसरं खुराडं असेल तर ते झाडून घ्या, उन्हात वाळवा. फटीत थोडी भुकटी भरा. धूळ खाली बसू द्या. वर भाताचं तूस पसरा. मगच पिल्लं आत सोडा. हे करताना तुम्हीही नाकातोंडाला फडकं बांधा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

विकत घेताना नीट विचारा. पाणी गाळायच्या यंत्रासाठी हीच माती भट्टीत भाजून विकतात. ती फुफ्फुसाला फार वाईट. ती खुराड्यात आणायची नाही. पिकावर मारायची विषारी पावडर तर मुळीच नाही. ही माती दाण्यात मिसळली की जंत पडतात, असं काही जण सांगतात. त्यावर आमचा भरवसा नाही. जंतांसाठी गुरांच्या दवाखान्यातून औषध आणावं.

आणि पिल्लाच्या डोक्यावर उवा दिसल्याच तर? बोटाला खोबरेल तेलाचा एक थेंब घ्या आणि डोक्यावर हलकेच लावा. जास्त तेल लावलं तर पिसं चिकटतात आणि पिल्लू गारठतं.

भुकटी घ्यायला पैसे नसले तरी अडत नाही. चुलीची थंड, कोरडी राख चाळून अंगणात उथळ खड्ड्यात टाका. मोठी कोंबडी आपण होऊन तिच्यात लोळते आणि अंग झाडते. पिल्लांना अंगभर पिसं फुटली की तीही आईच्या मागे त्या खड्ड्यात जातात.