ब्राउझरचा ठसा आणि एक्स्टेन्शनांची गर्दी

'प्रायव्हसीसाठी अजून कुठलं एक्स्टेन्शन टाकू?' कॉम्प्युटर लॅबमध्ये हा प्रश्न हल्ली हमखास ऐकू येतो. एक जाहिराती अडवणारं, एक कुकीज पुसणारं, एक ब्राउझरचं नावच बदलून सांगणारं... वरच्या कोपऱ्यात नुसती चिन्हांची रांग! फिंगरप्रिंटिंगपासून वाचायचं असेल तर या रांगेतलं एक ठेवावं आणि बाकीची काढून टाकावीत, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

कुकी म्हणजे वेबसाइटने आपल्याकडे ठेवलेली चिठ्ठी. ती पुसता येते. फिंगरप्रिंटिंगमध्ये आपल्याकडे काहीच ठेवलेलं नसतं, मग पुसणार काय? पान उघडलं की त्यातली एक स्क्रिप्ट ब्राउझरला साधेच प्रश्न विचारते. स्क्रीन केवढी, टाइमझोन कुठला, भाषा कोणती, फॉन्ट कोणते. शिवाय ती एक न दिसणारं चित्र काढायला लावते. ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर बदलले की त्या चित्राचे पिक्सेलही किंचित बदलतात. एकेक उत्तर हजारो जणांचं सारखंच असतं. पण गावात पाटील पुष्कळ असले, तरी 'पोस्टात काम करणारे, चष्मेवाले, लाल सायकलवाले पाटील' म्हटलं की एकच उरतात, तसं होतं.

२०१० साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी ४,७०,१६१ ब्राउझरांचे ठसे तपासले. ८३.६ टक्के ठसे एकमेव निघाले. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण त्या चाचणीला आलेले लोक मुळात प्रायव्हसीची काळजी करणारे होते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी एका लोकप्रिय वेबसाइटवरचे वीस लाखांहून जास्त ठसे पाहिले, तेव्हा एकमेव निघाले फक्त ३३.६ टक्के. मोबाइलवर तर १८.५. म्हणजे गर्दीत लपता येतं, पण त्यासाठी गर्दीसारखं दिसावं लागतं.

नेमकं इथेच बरीच एक्स्टेन्शनं घोटाळा करतात. नाव बदलणारं एक्स्टेन्शन सांगतं 'मी विंडोज', आणि फॉन्ट व ग्राफिक्स सांगतात लिनक्स. असा विसंगत ब्राउझर लाखात उठून दिसतो! लपण्याची साधनंच आपल्याला ओळखू आणतात, हा विरोधाभास एकर्सली यांनी त्याच निबंधात नोंदवला होता. काही एक्स्टेन्शनांच्या स्वतःच्या फाइलीही वेबसाइटला चाचपून पाहता येतात. टॉर ब्राउझर बनवणारे जादा एक्स्टेन्शनं टाकू नका म्हणतात, ते याचसाठी.

खरं काम आता ब्राउझरमध्येच होतं. टॉर सगळ्यांना एकसारखं दाखवतो. ब्रेव्ह उत्तरांत थोडी गडबड मिसळतो, त्यामुळे प्रत्येक साइटला वेगळा ठसा मिळतो. फायरफॉक्स जानेवारी २०२० पासून ठसे घेणाऱ्या माहीतगार स्क्रिप्ट आपोआप अडवतो. क्रोममध्ये या तोडीचं संरक्षण आपोआप चालू नसतं.

मग ठेवायचं ते एक कोणतं? युब्लॉक ओरिजिन. ते खोटं बोलत नाही, प्रश्न विचारणाऱ्यालाच दारात थांबवतं. म्हणजे जाहिरातवाल्यांची स्क्रिप्ट उतरतच नाही. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथे त्याची पूर्ण आवृत्ती चालत नाही, हलकी 'लाइट' आवृत्ती मिळते. अँड्रॉइडवर मात्र फायरफॉक्समध्ये ते पूर्ण चालतं. अर्थात साइट स्वतःच ठसा घेत असेल, जसं बँका फसवणूक पकडायला घेतात, तर त्यापुढे याचा फारसा उपयोग नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. ब्राउझरची भाषा मराठी ठेवली, की प्रत्येक साइटला 'पानं मराठीत द्या' असा निरोप जातो. आयपी पत्त्यावरून शहराचा अंदाज येतोच. वडोदऱ्यातून किंवा हैदराबादेतून असा निरोप पाठवणारे किती असणार? त्यात अंकाच्या जुळणीसाठी श्री-लिपीचे फॉन्ट टाकलेले असतील, तर अजूनच भर. अक्षरांची रुंदी मोजून स्क्रिप्टला कुठले फॉन्ट आहेत ते कळतं.

टॉर यावर 'पानं इंग्रजीत मागू का?' असं विचारतो. तांत्रिकदृष्ट्या सल्ला योग्यच आहे, पण रोजच्या वापरात मी तो मानत नाही. सेटिंगमधून मराठी काढायची, तीही जाहिरातवाल्यांच्या भीतीने, हे मला पटत नाही. फॉन्टचं म्हणाल तर फायरफॉक्सच्या खासगी विंडोत बाहेरून टाकलेले फॉन्ट साइटला दिसत नाहीत, तेव्हा तेही काढायला नकोत. आजार, कायदा किंवा घरच्यांपासून लपवावं लागणारं काही शोधायचं असेल, तेव्हा टॉर उघडावा आणि तिथे त्याचा इंग्रजीचा सल्ला निमूटपणे ऐकावा.